कबुतरांचा उपद्रव : दिसणारे उपाय किती टिकतात?

कापडाच्या धंद्यात नुकसान कोणत्या वाटेने येते असे विचारले तर मंदी, थकलेली उधारी, विजेचे बिल आणि सुताचे चढउतार यांची नावे सर्वजण घेतील. गोदामाच्या झरोक्यातून आत येणाऱ्या कबुतराचे नाव सहसा कोणी घेत नाही. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर किंवा मुंबईच्या जुन्या कापडबाजारात ज्यांचा माल पत्र्याखाली पडून असतो, त्यांना हे नुकसान चांगले ठाऊक आहे.

घडी केलेल्या ताग्याच्या कडेवर एक विष्ठा पडली तर ती एका जागी राहत नाही. कडेला दहा-बारा घड्या एकावर एक असतात आणि ओल त्या सर्वांत उतरते. तागा उलगडला की दर घडीच्या अंतराने डाग पुन्हा पुन्हा दिसतो. १०० मीटरच्या ताग्यात ४० व्या मीटरपासून असे दहा डाग निघाले तर मधला भाग कापून उरलेले दोन तुकडे विकता येतात, पण भाव ताग्याचा मिळत नाही, कटपीसचा मिळतो. फिक्या रंगाचा माल असेल तर धुऊनही सावली राहते. शिलाई आणि जरीकाम करणाऱ्या कारागिरांची अडचण याहून मोठी, कारण त्यांच्याकडचा माल बहुधा दुसऱ्याचा असतो आणि भरपाई मात्र त्यांच्या मजुरीतून जाते.

यावर इलाज म्हणून बाजारात अनेक वस्तू मिळतात. चमकणाऱ्या फिती, प्लास्टिकचे घुबड, मोठे डोळे रंगवलेले फुगे, वाऱ्यावर फिरणाऱ्या भिंगऱ्या, ससाण्याच्या आकाराचे पतंग. घरोघरी जुन्या सीडी दोरीला बांधलेल्या दिसतात. हे सर्व डोळ्यांना दिसून घाबरवणारे उपाय आहेत. विकणारा म्हणतो, एकदा लावा आणि निश्चिंत व्हा. वापरणारा आठवड्याने म्हणतो, सगळे फसवे आहे. दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. हे उपाय कोठे चालतात, किती दिवस चालतात आणि कोठे त्यांच्यावर एक पैसाही घालू नये, हे समजून घेतले तर खर्च वाचतो आणि मालही वाचतो.

कबुतर आपल्याच इमारतीत का येते?

आपल्या शहरांतील कबुतर हे मुळात डोंगरकड्यांवरचे पाखरू. झाडाच्या फांदीपेक्षा खडकाची अरुंद, सपाट, वरून झाकलेली कपार त्याला अधिक पसंत. माणसाने हजारो वर्षांपूर्वी ते पाळले आणि पाळलेल्यांतून सुटलेली कबुतरे शहरांत वसली. त्यांच्या दृष्टीने आपली इमारत म्हणजे डोंगरकडाच होय. खिडकीचा छज्जा, एअर कंडिशनरचा बाहेरचा डबा, संडास-बाथरूमच्या पाइपांचा डक्ट, शेडच्या कैचीचे लोखंडी अँगल, बोर्डाच्या मागची फट, या सर्व त्याच्यासाठी तयार कपारी आहेत.

मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते. अंडी उबवण्यास सुमारे १८ दिवस लागतात आणि पिले उडून जाण्यास त्यानंतर चार ते पाच आठवडे. म्हणजे एक घरटे बसले की दीड-पावणेदोन महिने जागा अडली. एवढ्यावर भागत नाही. खायला मुबलक असेल तर पहिली पिले घरट्यात असतानाच मादी पुन्हा अंडी घालते. आपल्याकडच्या हवेत हे जवळजवळ वर्षभर चालू राहते. म्हणून या कामात आठ दिवसांची ढिलाई फार महाग पडते.

त्याच्या नजरेला कमी समजू नये

कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मागचा थोडा भाग सोडून त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते. माणसाला न दिसणारे अतिनील किरणही त्याला दिसतात. हालचाल तर ते आपल्यापेक्षा फार लवकर टिपते. म्हणूनच एखादी वस्तू अचानक चमकली किंवा हलली की ते झटकन उडते. दिसणाऱ्या उपायांची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे.

पण त्याच डोळ्यांच्या मागे चांगली स्मरणशक्तीही आहे. १९९५ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी कबुतरांना मोने आणि पिकासो या दोन चित्रकारांची चित्रे ओळखायला शिकवले. नंतर पूर्वी कधी न पाहिलेली चित्रे दाखवली तरी ती कोणाच्या हातची, हे पाखरांनी बरोबर निवडले. २०११ साली पॅरिसच्या बागेतील एक प्रयोग तर आम्हा कापडवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दोन बाया निरनिराळ्या रंगांचे कोट घालून कबुतरांना दाणे टाकीत. त्यातील एक पाखरांना हुसकावी, दुसरी काही करीत नसे. पुढे दोघींनी हुसकावणे बंद केले आणि आपसात कोटही बदलले. तरी कबुतरे हुसकावणाऱ्या बाईपासूनच दूर राहिली. ती कपडा पाहत नव्हती, माणूस ओळखत होती.

आता ज्या पाखराला कोट बदललेला माणूस ओळखता येतो, त्याला पंधरा दिवस एकाच जागी बसलेले प्लास्टिकचे घुबड ओळखता येणार नाही काय? पहिल्या दिवशी ते घुबडाला घाबरते, दोन-चार दिवस लांबून पाहते, आणि काहीच होत नाही असे दिसले की त्याच्या शेजारी येऊन बसते. यात पाखराचा निर्लज्जपणा नाही, त्याची अक्कल आहे. नवे दिसले की घाबरायचे आणि धोका नाही असे कळले की भीती सोडून द्यायची, हा सर्वच प्राण्यांचा स्वभाव आहे.

आपल्या समाजातील जुने कबुतरबाज हे चांगले जाणतात. कबुतरबाजीचा शौक जुना. अकबर बादशहाला तिचा इतका नाद होता की त्याने तिला ‘इश्कबाजी’ असे नाव दिल्याचे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. कबुतरबाज आपली पाखरे हवेत ठेवण्यासाठी लांब बांबूला कापड बांधून ते हलवतो. तेच कापड बांबूसकट भिंतीला टेकवून ठेवले तर कबुतरे त्यावर येऊन बसतील. पाखराला उडवते ती हालचाल, कापड नव्हे. गच्चीवर, झरोक्यात किंवा बागेत काहीही लावताना हीच गोष्ट लक्षात ठेवावी.

उपायांची पारख

चमकणाऱ्या फिती. सर्व दिसणाऱ्या उपायांत स्वस्त आणि त्यातल्या त्यात चांगला उपाय हा. फीत वाऱ्यावर वळते, ऊन तिच्यावर पडून क्षणाक्षणाला निराळे चमकते, शिवाय फडफडते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील शेतांवरच्या प्रयोगांत अशा फितींमुळे पिकांवर येणारी काही जातींची पाखरे कमी झाली, काही जातींवर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे फीत हे सर्व रोगांवरचे औषध नाही. वारा नसेल, सावली असेल किंवा पावसाळी अंधार असेल, तर ती नुसती लोंबत राहते.

जुन्या सीडी आणि आरसे. उन्हात चमकतात, म्हणून सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूला त्यांचा थोडा उपयोग होतो. बंद शेडच्या आत त्या निरुपयोगी. डक्टमध्ये सूर्यच येत नाही, तेथे सीडी टांगणे म्हणजे विनाकारण शिडी चढणे.

घुबड, साप, ससाणा यांच्या प्रतिकृती. स्थिर असतील तर पैसे वाया. १९८५ साली अमेरिकेतच भाजीच्या वाफ्यांवर येणाऱ्या कावळ्यांसाठी घुबडाचा पुतळा वापरून पाहिला गेला. साध्या पुतळ्यापेक्षा, पंजात कावळा पकडलेला आणि हलणारा पुतळा पुष्कळ अधिक परिणामकारक ठरला. घेणारच असाल तर वाऱ्यावर हलणारी वस्तू घ्यावी आणि ती रोज जागेवरून उचलावी.

डोळ्यांचे फुगे आणि पतंग. मोठ्या गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात काही दिवस उपयोगी. पतंग बांधायला मांजा मुळीच वापरू नये. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली आहे आणि पाखरांसोबत माणसांचे गळेही त्याने कापले गेले आहेत.

लेझरचा दिवा. हल्ली तो ‘पक्षी पळवणारा’ म्हणून विकला जातो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही पाखरे लेझरला बराच वेळ घाबरली, पण कबुतरे पहिली काही मिनिटेच बिचकली, नंतर त्यांना त्याचे काही वाटले नाही. समोरच्या इमारतीतील माणसाच्या किंवा मुलाच्या डोळ्यांत किरण गेला तर नजरेला इजा होऊ शकते. हा सौदा करू नये.

‘आगीसारखी दिसणारी’ जेली. लहान बशांत भरून छज्जावर ठेवतात. कबुतराला ती ज्वाळेसारखी दिसते असा विक्रेत्यांचा दावा. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी २०१४ साली तिची परीक्षा घेतली. परिणाम थोडाफार आढळला, पण पाखरे पूर्णपणे आणि कायमची दूर राहतात हा दावा सिद्ध झाला नाही. आपल्याकडे धुळीचा थर चढल्यावर काय होईल, हे सांगायला नको.

खराखुरा ससाणा. लंडनच्या विम्बल्डन टेनिस मैदानावर कबुतरे दूर ठेवण्यासाठी रूफस नावाचा शिकवलेला ससाणा प्रसिद्ध झाला. पण तो एकदा दाखवून भागत नसे. सामन्यांच्या दिवसांत पहाटे त्याला पुन्हा पुन्हा उडवावे लागे. जिवंत शिकारी पाखराची भीतीही रोज ताजी करावी लागते, मग प्लास्टिकच्या घुबडाकडून वर्षभराची अपेक्षा कशी ठेवावी?

कबुतर किती गुंतले आहे, ते आधी पाहावे

वस्तू विकत घेण्यापूर्वी दोन दिवस फक्त निरीक्षण करावे. कबुतर आपल्या जागी चार कारणांनी येते आणि प्रत्येक कारणाची पकड निराळी असते.

१) दिवसा बसण्यासाठी. उडता उडता टेकते, थोडा वेळ थांबते, निघून जाते. पकड ढिली. येथे फीत किंवा भिंगरी पुरते.

२) खाण्यासाठी. गच्चीवर वाळत घातलेले धान्य, कुंड्यांत पेरलेली मेथी-कोथिंबीर, कामगारांच्या डब्यातील सांडलेले तुकडे. फितीने दोन-चार दिवस लांब राहील, पण खाणे तेथेच राहिले तर परत येईल. आधी खाणे झाकावे किंवा झाडून टाकावे, मग फीत लावावी.

३) रात्रीच्या वस्तीसाठी. संध्याकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या अँगलवर येऊन बसते. पकड घट्ट. रात्री चमकपट्टीला चमक नसते. येथे दिसणारा उपाय एकटा पुरत नाही.

४) घरट्यासाठी. अंडी किंवा पिले असतील तर कबुतर सीडी, घुबड, पतंग कशालाही दाद देत नाही. येथे दिसणाऱ्या उपायावर खर्च करणे म्हणजे पैसे फेकणे.

यावरून खरी वेळ कोणती ते कळते. कबुतराची जोडी जागा शोधत असते, छज्जावर घुटमळत असते, चोचीत पहिली काडी आणते, ते तीन-चार दिवस सोन्याचे. त्या दिवसांत आणलेल्या काड्या रोज सकाळ-संध्याकाळ झाडून काढाव्यात आणि त्याच वेळी फिती लावाव्यात. जागा धोक्याची आहे आणि घरटेही टिकत नाही, असे दोन्ही अनुभव एकदम आले की जोडी दुसरीकडे जाते. अंडी दिसल्यावर मात्र घाई करू नये. पिले उडून गेली की त्याच दिवशी जागा साफ करून बंद करावी.

फिती लावण्याची रीत

फीत ताणून दोरीसारखी बांधू नये. हातभर लांबीचे तुकडे करावेत, एक टोक बांधून दुसरे मोकळे सोडावे. तुकड्याला दोन-तीन पीळ दिले तर ती वाऱ्यावर अधिक वळते. छज्जाच्या मागच्या भिंतीवर लावण्यापेक्षा पाखरू ज्या बाजूने येऊन उतरते त्या समोरच्या कडेवर लावावी, म्हणजे उतरतानाच तोंडासमोर येते. तुकड्यांत फार अंतर ठेवू नये. जागा मोठी असेल तर थोड्या भागात दाट लावाव्यात, सगळीकडे विरळ लावून काही साधत नाही.

दर तीन-चार दिवसांनी जागा बदलावी. एक आठवडा फिती, पुढे भिंगरी, नंतर दोन्ही काढून सीडी, असा पालट ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कबुतरे येईनाशी झाली की सगळे उतरवून कपाटात ठेवावे. कारागीर मंडळी म्हणतील, चालू असलेली वस्तू का काढायची? ती टांगून ठेवली तर पाखरे दुरून रोज पाहून तिची सवय करून घेतात. कपाटात ठेवलेली फीत पुढच्या वेळी पुन्हा नवी असते.

आमच्या धंद्यात यासाठी लागणारा माल फुकट निघतो. पॅकिंगच्या चमकदार कागदाच्या पट्ट्या, लुरेक्सच्या कापडाची कातरलेली किनार, चमकीच्या कापडाचे तुकडे पुरेसे होतात. एक खबरदारी मात्र घ्यावी. तुकड्याचे धागे सुटलेले नसावेत आणि सुटे सूत कोठेही टांगू नये. गच्चीवर आणि शेडबाहेर फेकलेले सूत पाखरांच्या पायांना गुंडाळते, आवळत जाते आणि शेवटी बोटे झडून पडतात. २०१९ साली पॅरिसमध्ये अशा तुटलेल्या बोटांच्या कबुतरांची पाहणी झाली, तेव्हा केशकर्तनालये अधिक असलेल्या वस्त्यांत हे प्रमाण अधिक आढळले. कापलेले केस तेच काम करतात. मग जेथे घरोघरी माग चालतात तेथील सुताच्या कचऱ्याने काय होत असेल, याचा प्रत्येकाने विचार करावा. पाखरू दूर ठेवायचे आहे, लंगडे करायचे नाही. सुताचा कचरा पोत्यात बांधूनच बाहेर काढावा.

बागेसाठी आणि गच्चीवरच्या कुंड्यांसाठी सोपी गोष्ट आहे. बी पेरल्यापासून रोप चार पानांचे होईपर्यंत जुन्या मच्छरदाणीचे कापड कमानीवर घालावे. त्यानंतर फिती पुरतात. मिरच्या, पापड, गहू वाळत घालताना झाकणे हाच उपाय, त्यासाठी घुबड विकत आणू नये.

कायमचा बंदोबस्त

रात्रीची वस्ती आणि घरटी यांवर एकच टिकणारा उपाय आहे, तो म्हणजे वाट बंद करणे. कबुतरांसाठी नायलॉनची जाळी घेताना तिचे घर ५० मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. चिमण्याही थांबवायच्या असतील तर याहून बारीक घ्यावी. जाळी ढोलाच्या कातड्यासारखी ताणून, चारही बाजूंनी तारेला किंवा हुकांना बांधलेली असावी. सैल जाळीत पाखरू अडकून मरते आणि त्याची दुर्गंधी वेगळी. लावण्यापूर्वी आत एकही कबुतर, अंडे किंवा पिलू राहिले नाही, याची खात्री करावी.

शेडच्या झरोक्यांना हवा तर हवीच. तेथे लोखंडी वेल्ड जाळी लावावी, हवा येते आणि पाखरू येत नाही. माल चढवण्या-उतरवण्यासाठी सतत उघडे राहणाऱ्या दारावर प्लास्टिकच्या रुंद पट्ट्यांचा पडदा चालतो. छज्जा अरुंद असेल तर त्यावर पत्रा किंवा लादी तिरपी बसवावी. उतार ४५ अंशांपेक्षा जास्त ठेवला की कबुतराचा पाय ठरत नाही, काडीही राहत नाही. बाजारातील टोकदार काट्यांच्या पट्ट्या स्वच्छ असेपर्यंत ठीक. त्यांत काडीकचरा साचला की त्याच काट्यांच्या आधाराने कबुतर घरटे बांधते.

विष घालणे किंवा चिकट लेप लावणे हा इलाज नव्हे. त्याविरुद्ध १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. मारून संख्या कमी होते हा समजही चुकीचा आहे. बाझल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, तरी संख्या सुमारे वीस हजारांवर कायम राहिली. मेलेल्यांची जागा नवी पिले भरून काढीत. १९८८ पासून लोकांना दाणे न टाकण्याविषयी समजावण्यावर जोर दिला गेला आणि चार वर्षांत संख्या सुमारे निम्मी झाली.

दाण्यांचा प्रश्न

येथे नाजूक विषयाला हात घालावा लागतो. पाखरांना दाणे घालणे आपल्याकडे सर्वच धर्मांत नेकीचे काम मानले जाते. दुकान उघडताना मूठभर ज्वारी टाकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या नियतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एकाने रस्त्यावर दाणे टाकायचे आणि दुसऱ्याने वरच्या मजल्यावर माल धूत बसायचे, यात शेजाऱ्याचा हक्क बुडतो. जेथे रोज खाणे मिळते त्याच्या आसपासच कबुतरे घरटी करतात. खाली दाणे चालू असतील तर वर टांगलेल्या फितीचे काही चालत नाही.

मुंबईत हा वाद २०२५ साली मोठा झाला. जुलैमध्ये राज्य सरकारने महापालिकेला कबुतरखाने बंद करण्यास सांगितले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली आणि त्यावरून निदर्शने झाली. दोन्ही बाजूंच्या भावना तीव्र होत्या. आपल्या बाजारात आणि मोहल्ल्यात गोष्ट तेथवर जाऊ द्यायची नसेल, तर चार दुकानदारांनी एकत्र बसून आधीच ठरवावे. दाणे घालणाऱ्या बुजुर्गांशी आदराने बोलावे. तेवढेच पैसे एखाद्या गरजू कुटुंबाच्या किराण्यावर खर्च करता येतात, हे बहुतेकांना पटते.

सफाई करताना छातीला जपावे

मालाचे नुकसान भरून निघते, फुफ्फुसांचे निघत नाही. कबुतराची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काहींना फुफ्फुसांचा ॲलर्जीचा आजार होतो. वर्षानुवर्षे धूळ जात राहिली तर फुफ्फुसे कडक होत जातात आणि दम कायमचा लागतो. विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीपासूनही आजार होऊ शकतात. मागावर आणि गोदामात काम करणाऱ्यांच्या छातीत सुताची धूळ आधीच जात असते, त्यात ही भर नको.

म्हणून वाळलेली विष्ठा कधीही कोरड्या झाडूने झाडू नये. आधी साबणाचे पाणी शिंपडून ओली करावी, मग खरवडून पिशवीत भरून तोंड बांधावे. नाकातोंडावर साधा रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा चांगला मास्क हवा. हातमोजे घालावेत. दम्याच्या माणसाला किंवा लहान मुलाला या कामाला लावू नये. मालकाने मास्क मजुराला स्वतः आणून द्यावा, हे त्याचे कर्तव्य आहे. कोरडा खोकला आणि दम पुष्कळ दिवस राहिला तर डॉक्टरांना सांगताना आपल्या जागेत कबुतरे आहेत हे आवर्जून सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही.

कापडावर ताजी विष्ठा पडली तर चोळू नये, चोळल्याने ती धाग्यात शिरते. बोथट सुरीने उचलून घ्यावी, उलट्या बाजूने थंड पाणी सोडावे आणि मग सौम्य साबण लावावा. रंगीत मालावर आधी कोपऱ्यावर करून पाहावे. साठवलेल्या ताग्यांवर प्लास्टिकचे आच्छादन असावे, विशेषतः कैचीच्या अँगलखाली येणाऱ्या थप्पीवर.

शेवटी हिशेब

व्यापारी माणूस खर्चाचे दोन भाग करतो, खपणारा माल आणि भांडवली वस्तू. फिती, भिंगऱ्या, सीडी, फुगे हा खपणारा माल समजावा. त्यांचे आयुष्य दिवसांत आणि आठवड्यांत मोजायचे. त्यांवर थोडाच खर्च करावा आणि त्या वेळेवर वापराव्यात. जाळी, झरोक्याची वेल्ड जाळी, दाराचा पडदा, तिरपा पत्रा या भांडवली वस्तू आहेत. त्यांचा खर्च एकदाच, पण तो कोठे करायचा हे आधी पाहून ठरवावे. अडचण येते ती खपणाऱ्या मालाला भांडवली वस्तू समजल्याने. घुबड बसवून वर्षभर निश्चिंत झालेल्या गोदामातच सर्वांत जास्त घरटी सापडतात.

ज्यांच्याकडे आज घरटे नाही, त्यांनी या आठवड्यात गच्ची, छज्जे आणि झरोके एकदा फिरून पाहावेत. काडी दिसली तर काढावी, फीत लावावी, जागा बदलत राहावे. ज्यांच्याकडे पिले आहेत, त्यांनी ती उडेपर्यंत खालचा माल हलवावा किंवा झाकावा आणि तोवर जाळीचे माप घेऊन ठेवावे. ज्यांच्या दारात रोज दाणे पडतात, त्यांनी आधी शेजाऱ्याशी बोलावे आणि मगच बाजारात फीत घ्यायला जावे.